वैद्याचं बोट

सगळे त्याला वैद्य म्हणत, पण औषधाची पुडी त्याने जन्मात कधी बांधली नव्हती. त्याचं दुकान होतं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. एका अंगाला चपला सांधणारा, दुसऱ्या अंगाला चष्म्याचं दुकान, आणि मधे ह्याची अरुंद, खोल खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर झाकणं काढलेले कॉम्प्युटर मांडलेले, वायरी बाहेर लोंबताहेत, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर तो, पाठीला किंचित पोक काढून बसलेला.

वैद्य हे नाव पडलं ते त्याच्या तपासण्याच्या तऱ्हेवरून. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठी हिरवी पाटी असते, मदरबोर्ड म्हणतात तिला. सगळा संसार तिच्यावरच मांडलेला असतो. त्या पाटीवर बोटाच्या पेराएवढ्या ॲल्युमिनियमच्या डब्या ओळीने उभ्या असतात, ते कपॅसिटर. वीज साठवायची आणि हिशोबाने, न थरथरता पुढे सोडायची, हे त्यांचं काम. म्हातारे झाले की त्यांची डोकी फुगतात, कधी फुटून आतला तपकिरी रस बाहेर येतो, आणि मग चांगला चालता कॉम्प्युटर बसल्याजागी मान टाकतो. दुसरे दुरुस्तीवाले दिवा लावून, वाकून वाकून बघत. वैद्य तसं करत नसे. तो झाकण काढून आधी वास घ्यायचा, मग डोळे मिटून डाव्या हाताची तर्जनी त्या डब्यांच्या डोक्यांवरून फिरवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तितकी हलकी. बोट एका जागी थांबलं की समजायचं, रोग सापडला.

"हा बघा. डोकं वर आलंय."

गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि त्याला काही दिसायचंच नाही. पण ती डबी बदलली की कॉम्प्युटर उठून बसायचा.

शेजारचा चष्मेवाला अधूनमधून दारात येऊन टोमणा मारायचा. "वैद्य, चाळिशी उलटून किती वर्षं झाली? या, डोळे तपासून देतो."

"माझे डोळे बोटाला आहेत," वैद्य म्हणायचा.

"मग चष्मा बोटाला घालू का?"

दोघं हसायचे. पण खरी गोष्ट अशी होती, की जवळचं त्याला पुसटच दिसायला लागलं होतं, आणि चष्मा लावला तर वैद्य म्हातारा झाला असं लोक म्हणतील, ह्याचा त्याला धाक होता. एवढ्याशा गर्वापायी माणूस केवढी किंमत मोजतो, आणि तीही दुसऱ्याच्या खिशातून, हे त्याला अजून कळायचं होतं.

त्याला एक धाकटी बहीण. जीव की प्राण. तिचं लग्न होऊन ती त्याच गावात चार गल्ल्या पलीकडे राहत होती. घरात तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई. ह्या सासूबाई म्हणजे एक वल्ली. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली. कानाला यंत्र लावून, समोरच्या पाटीत पिना खुपसून गावभराची बोलणी जोडून द्यायच्या. डिरेक्टरी त्यांनी कधी उघडली नाही म्हणत. कोळसेवाल्याचा नंबर, दाताच्या डॉक्टरचा नंबर, कुणाच्या घरी कधी फोन आला आणि कधी कापला गेला, सगळं तोंडपाठ. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बोलता बोलता मधेच एखादा नंबर घडाघडा म्हणून दाखवायच्या आणि वर विचारायच्या, "सांगा बघू कुणाचा?"

त्यांची लेक परदेशात होती. इथे दिवस मावळायचा तेव्हा तिथे उजाडायचं. तिच्याशी बोलायला म्हणून पुढच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर मांडला होता. रविवारी सासूबाई केस विंचरून, स्वच्छ कपडे करून, कपभर चहा घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. पडद्यावर लेक दिसली की आधी म्हणायच्या, "बोला, कोणता नंबर हवाय?" आणि मायलेकी हसत सुटायच्या.

एकदा तो कॉम्प्युटर बिघडला. बहिणीचा फोन आला आणि वैद्य पिशवी घेऊन गेला.

"या वैद्यबुवा," सासूबाई खुर्चीतून उठत म्हणाल्या. हातात कप होताच. "पेशंट बघा. काल लेक काहीतरी महत्त्वाचं सांगत होती आणि हा मेला मधेच गचकला."

"बघतो मावशी. तुम्ही बसा."

त्याने झाकण काढलं, गॅलरीत नेऊन फुंकर मारून धूळ झटकली. इतकी धूळ होती की त्याला ठसका लागला. मग आत येऊन बोट फिरवलं. सगळी डोकी सपाट. एकही वर आलेलं नाही. म्हणजे कपॅसिटर संशयातून सुटले. पण त्यांच्या पायाशी, पाटीवर, एक तपकिरी डाग त्याला दिसला. वाळलेला, कडेला गडद, मधे फिकट.

त्याने वर पाहिलं. सासूबाई समोर, हातात कप. आणि त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात त्याची बहीण, भुवया उंचावून, ओठ घट्ट मिटून. त्या आठवड्यात ती फोनवर पुष्कळ बोलली होती. "दादा, मी काही म्हटलं की मीच वाईट. त्यांच्या हातून काय काय होतं ते कुणाला दिसतच नाही. परवा दूध उतू गेलं, विझलेला गॅस तसाच सुरू. सांगितलं तर हे म्हणतात, तू आईच्या मागे लागलीस." भावाने तिचं ऐकून घेतलं होतं. आपल्या बहिणीचं खरं आहे असं कुणीतरी चारचौघांत म्हणायला हवं, असंही त्याला वाटून गेलं होतं.

तो म्हणाला, "ह्याच्यात चहा सांडलाय."

"अगबाई! कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत होते. मग त्यांनीही बघितलं.

"छे हो! मी कप टेबलावर ठेवतच नाही. इथे खिडकीत ठेवते. नोकरीतली सवय आहे माझी. तिथे पाटीजवळ पाणीसुद्धा नेऊ द्यायचे नाहीत."

"आई, विसरली असशील," मुलगा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"मी? विसरले?" त्या हसल्या. "तुझ्या लग्नाच्या हॉलवाल्याचा नंबर सांगू?"

"नंबर लक्षात राहणं वेगळं, आई."

त्यांनी वैद्याकडे पाहिलं. घरात एकटा तोच त्रयस्थ होता, आणि जाणकार. "तुम्ही सांगा हो. दुसरं काही असू शकेल ना?"

असू शकेल, बघावं लागेल, पाटी बाहेर काढून उलटी करतो, दिव्याखाली धरतो. एवढं म्हणायला काही कष्ट नव्हते. पण दारात बहीण उभी होती, पाटी काढायची म्हणजे चष्म्यावाचून बारीक स्क्रू शोधत बसणं आलं, आणि वैद्याचं बोट एकदा फिरलं की निकाल लागला अशी त्याची ख्याती होती.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्यात थोडी गंमतही आणली, "माणूस खोटं बोलेल. मशीन नाही बोलत."

मेहुण्यांना हसू आलं. बहिणीलाही. सासूबाईंनी कप खिडकीत ठेवला, नीट, आवाज न करता.

त्याने स्पिरिटच्या बोळ्याने डाग पुसून काढला, मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. चालला म्हणजे निदान बरोबर. बहीण त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. "बरं झालं दादा, तू सांगितलंस. माझ्या तोंडून कुणी ऐकलं नसतं." तो खुशीत घरी गेला.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. चहाचा कप पुढच्या खोलीत न्यायचा नाही, असं ठरलं. मग गॅस सासूबाईंनी पेटवायचा नाही, असं ठरलं. मग कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडून घेतल्या, हरवतील म्हणून. हे सगळं प्रेमानेच चाललं होतं. कुणी आवाज चढवला नाही. मेहुण्यांनी तर त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयात असं होतं, लक्ष ठेवा. तेव्हापासून घरातले सगळे त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले.

बहीणही आता तक्रार करत नव्हती. "बिचाऱ्या फार गप्प झाल्यात रे," एकदा म्हणाली. "मी चहाचं नाव काढलं तरी म्हणतात, नको बाई, सांडेल माझ्याकडून."

वैद्याच्या बायकोने हे ऐकलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं हो, तो चहाच होता म्हणून?"

"डाग होता."

"डाग काय, गंजाचाही असतो."

"तू मला शिकवणार आता?"

"मी कशाला शिकवू? मी आपली विचारत होते," ती म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मेहुणे कॉम्प्युटर गाडीत घालून थेट दुकानात आले. तोच आजार. सुरू होतो आणि थोड्या वेळात मान टाकतो.

"आईच असणार परत," मेहुणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "आम्ही कप लपवून ठेवतो, तरी कधी नेते कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणते, नेला असेल. तिला स्वतःलाच आठवत नाही आता. डॉक्टर म्हणालेच होते."

"ठेवून जा. बघतो," वैद्य म्हणाला.

दुपारची वेळ. चपला सांधणारा फळीवर आडवा झाला होता. वैद्याने स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि त्याचा हात तिथेच थांबला. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे हवेसाठी भोकं असतात, तिथे धुळीचा पातळ थर होता. सारखा, अखंड, मलमलीचं कापड ताणून बसवावं तसा. चहा वरून आत जायचा तर ह्याच भोकांतून जायला हवा होता. धूळ ओली झाली असती, तिच्या गोळ्या झाल्या असत्या, ओघळ उठले असते. तिथे थेंबाचीही खूण नव्हती.

मागच्या वेळीही अशीच धूळ होती. त्याला आठवलं. गॅलरीत फुंकर मारून त्यानेच ती उडवली होती, आणि ठसका लागला होता. कोरडी धूळ होती म्हणून तर ठसका लागला.

तपकिरी डाग मात्र पुन्हा उमटला होता. त्याच जागी, आणि ह्या वेळी वाळलेला नाही, चिकट. त्याने नाक जवळ नेलं. चहाचा वास नव्हता. शिळ्या मासळीसारखा, नाकाला झोंबणारा वास होता, आणि तो वास तो गेली कित्येक वर्षं ओळखत होता. मागच्या वेळी झाकण काढल्या काढल्या नाकातोंडात धूळ गेली, आणि वाळलेल्या डागाला नाक लावायची तसदी त्याने घेतलीच नाही.

तो उठला आणि शेजारी गेला. "एक भिंग दे," चष्मेवाल्याला म्हणाला. चष्मेवाल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता दिलं.

पाटी बाहेर काढून त्याने दिव्याखाली धरली. कपॅसिटरच्या रांगेत एक डबी बाकीच्यांपेक्षा जराशी उचललेली होती, पायाखाली खडा आल्यासारखी. सोल्डर वितळवून त्याने ती काढली आणि उलटी केली. वरून डोकं गुळगुळीत, सपाट, नव्यासारखं. खाली रबरी बूड फुगून बाहेर आलेलं, एक पाय हिरवट काळा पडलेला. ही डबी डोक्याकडून गेली नव्हती, तळातून गळत होती. बोट वरून कितीही फिरवलं असतं तरी लागलं नसतं. खाली वाकून बघायला हवं होतं, आणि वाकून बघणं त्याने सोडून दिलं होतं.

दुकानात कुणी नव्हतं, तरी त्याचे कान तापले. त्याने शटर अर्धं खाली ओढलं. 'मशीन खोटं बोलत नाही.' मशीन खरंच खोटं बोललं नव्हतं. बोलला होता तो.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने बायकोला सांगितलं. ताटातला घास तसाच धरून बसली.

"मग उद्या जाऊन सांगा."

"सांगणारच आहे. म्हणजे, नवा पार्ट टाकलाय, आता परत बंद पडायचा नाही. कॉम्प्युटर नीट चालला की झालंच."

"कुणाचं झालं?"

हात धुऊन तो देवाच्या फोटोपुढे उभा राहिला. हात जोडले, आणि काय मागावं हे न सुचल्यामुळे तसेच सोडले.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो कॉम्प्युटर घेऊन बहिणीकडे गेला. जुना कपॅसिटर शर्टाच्या खिशात टाकला होता. का, ते त्याने स्वतःला नीटसं सांगितलं नव्हतं.

पुढच्या खोलीत सासूबाई होत्या, पण खिडकीशी नाही. पार कोपऱ्यात, दाराजवळच्या स्टुलावर. पाहुणे आल्यावर लहान मूल बसवावं तशा. ओठ हलत होते. त्याला वाटलं नामस्मरण करताहेत. वायरी जोडायला तो खाली वाकला तेव्हा शब्द कानावर आले. त्या आकडे म्हणत होत्या. एकामागून एक नंबर, हळू आवाजात. मधे अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून. अभ्यास घेत होत्या स्वतःचा.

"मावशी, कशा आहात?"

"या," त्या म्हणाल्या. वैद्यबुवा म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास."

"अहो, त्रास कसला..."

"नाही, मला आठवलंय आता." त्या स्टुलावरून पुढे झुकल्या. "मागच्या वेळी मी उगीच नाही नाही म्हणत राहिले. मी उठायला गेले, पदर अडकला असेल काहीतरी, आणि कप कलंडला. मला दिसतं की हो ते. भोकांवरून चहा गेलेला. तुम्ही म्हणालात तसंच होतं. आणि आताही झालं असेल."

वैद्य टेबलाखाली गुडघ्यांवर होता. हातात प्लग. झालंच नव्हतं ते ह्यांना आठवत होतं. त्याच्या एका वाक्याने त्यांच्या डोक्यात शिरून तिथे एक कप मांडला होता आणि कलंडवलाही होता.

"आई, असू दे आता," मेहुणे म्हणाले. "वैद्यबुवा, ह्याला वरून प्लॅस्टिकचं काही आच्छादन मिळतं का?"

आता सांगायचं, त्याने ठरवलं. तोंड उघडलं. बहीण बशीत बिस्किटं घेऊन आली, त्याच्याकडे बघून हसली. 'दादा माझा' असं त्या हसण्यात होतं. तो म्हणाला, "मिळतं. आणून देतो."

कॉम्प्युटर सुरू झाला. सगळ्यांनी बरं झालं म्हटलं. त्याने पिशवी उचलली, चपला घातल्या, जिना उतरला. खाली स्कूटरची किल्ली काढायला खिशात हात घातला, तर बोटाला डबी लागली. तेच बोट. त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने ते बोट शर्टाला पुसलं.

मग तो परत जिना चढला.

"काही राहिलं का रे?" बहिणीने दार उघडत विचारलं.

"राहिलं," तो म्हणाला आणि आत येऊन थेट सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसला. "मावशी, चहा सांडला नव्हता. तेव्हाही नाही आणि आताही नाही. हा पार्ट खालून गळत होता. मी नीट बघितलंच नाही आणि सांगून मोकळा झालो. चूक माझी."

सासूबाईंनी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"तुम्ही मनाने चांगले आहात," त्या म्हणाल्या. "म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. पण नको. मला आठवतंय ना."

त्याला वाटलं होतं, त्या रागावतील. रडतील. पण आपण खरं बोलू आणि ते त्यांना खोटं वाटेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याने पिशवीतून पकड काढली. त्याच जातीचा एक नवा कपॅसिटर जास्तीचा होता, तोही काढला. दोन्हीचे पाय बुडाशी कापून टाकले.

"हात पुढे करा, मावशी. ह्या दोन्ही डब्या टेबलावर उभ्या करा. तुमच्या हाताने."

त्यांनी नवी ठेवली. ती खिळ्यासारखी उभी राहिली. मग दुसरी ठेवली. ती डुलली, गोल फिरली आणि आडवी पडली. त्यांनी पुन्हा उभी केली, पुन्हा पडली.

"हिचं बूड सुजलंय," त्या म्हणाल्या.

"हो. तिथून रस गळतो, तपकिरी. तोच तो डाग. वास घ्या."

त्यांनी नाकाशी धरून झटकन मागे घेतली. "शी! हा कसला चहा?"

"आणि भोकांवरची धूळ कोरडी होती. दोन्ही वेळा. मला ती दिसली होती, मावशी. म्हणजे, डोळ्यांसमोर होती."

मेहुण्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. बहीण दाराला टेकून उभी होती, तिच्या हातातली बशी कलती झाली होती. तिला चारचौघांत काही बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, पण राहवलं नाही. "तू मागे उभी होतीस," तो तिला म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या बाजूने कुणीतरी बोलावं." तिने मान खाली घातली. पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. आत गेली, आणि आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या डबी बोटांत धरून बघत होत्या.

"मग मला आठवलं ते काय होतं?" त्यांनी विचारलं.

वैद्याची नजर त्यांच्या पायांकडेच राहिली.

"मी सांडला नव्हता," त्या म्हणाल्या. जरा मोठ्याने. मग मुलाकडे बघून, "दूध मात्र मीच उतू घालवलं होतं हं. ते माझंच. तेव्हा फोन आला होता."

मेहुणे हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. ते उठून गॅलरीत गेले.

वैद्य निघाला तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं. "तुमचं ते जुनं दुकान होतं ना, बाजारात, रेडिओ दुरुस्तीचं. तुमच्या वडलांच्या वेळचं. त्याचा नंबर मी जोडून द्यायची." आणि त्यांनी एक नंबर म्हटला, न अडखळता. त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बरोबर?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं असेल, असंही वाटलं. आणि म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"मला आठवत नाही, मावशी," तो म्हणाला. "बघून सांगतो."

दुकानाच्या मागच्या भिंतीशी वडलांच्या दुकानाची पत्र्याची पाटी होती, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. तिच्यापुढे सडलेले पंखे, कीबोर्ड, काय काय रचलेलं. रविवार असून त्याने शटर उघडलं, सगळं बाजूला काढलं, पाटी ओढून उजेडात आणली आणि ओल्या फडक्याने पुसली. अक्षरं उडाली होती. आकडे पुसट होते आणि जवळून तर त्याला काहीच लागेना. चष्मेवाल्याचं भिंग अजून टेबलावरच होतं. ते लावून त्याने एकेक आकडा वाचला, मोठ्याने, आणि मग बहिणीच्या घरी फोन केला.

सासूबाईंनीच उचलला.

"मावशी, बरोबर आहे. पाटीवर तोच नंबर आहे. सगळे आकडे जुळतात."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघता का, ते मला बघायचं होतं."



आता त्याच्या नाकावर चष्मा असतो. चष्मेवाला त्याला अजून चिडवतो, "डोळे बोटावरून नाकावर आले का?" त्यावर तो हसतो. पाटी बाहेर काढून, उलटी करून, आरसा खाली धरून एकेका डबीचा पाय बघितल्याखेरीज तो आता बोलत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात, वैद्य हळू झाला म्हणतात. कुणी घाई केलीच आणि विचारलं, "अहो, पण साधारण काय झालं असेल, अंदाजाने सांगा ना," तर तो मान हलवतो आणि कामाला लागतो.

बहिणीकडे तो जातो. रविवारी सासूबाई पुन्हा खिडकीशी बसतात, चहा खिडकीत ठेवतात. त्याला बघून पुन्हा "या वैद्यबुवा" म्हणतात, अगदी पूर्वीसारखं. त्याचे कान मात्र दर वेळी तापतात, आणि तो बोट मुठीत दुमडून घेतो.